मुख्याध्यापकाचे स्वातंत्र्य व उत्तरदायित्व

शाळा चालविण्याचे नियम सर्व जिल्ह्यास एकच असले, तरी कोणत्याही दोन गावांची मुले एकसारखी नसतात. पालघर तालुक्यातील माकुणसार-सफाळे परिसराचेच उदाहरण घ्यावे. या भागातील अनेक स्त्रिया पहाटेच्या गाडीने भाजीपाला घेऊन मुंबईस विक्रीसाठी जातात. मुलांच्या घरची बोली कोठे वाडवळी, कोठे मांगेली, तर कोठे वारली. पालकसभा भलत्या वेळी भरविली, तर जिच्याशी बोलावयाचे ती माताच अनुपस्थित राहते. पहिलीत प्रमाणभाषेचे पुस्तक एकदम पुढे ठेवले, तर घरी अखंड बोलणारे मूल वर्गात मुके होते. अशा गोष्टींचा निर्णय दूरच्या कचेरीत होऊ शकत नाही. तो शाळेतच झाला पाहिजे.

याच जिल्ह्यात याचा उत्तम दाखला आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे कार्य कोसबाडला गेले. पाड्यावरील मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच पाड्याच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. स्थळ, वेळ आणि साधने बदलण्याची मोकळीक या कार्यकर्त्यांनी घेतली. परंतु मूल शिकले पाहिजे, ही जबाबदारी कधी सोडली नाही.

तथापि केवळ मोकळीक दिल्याने शाळा सुधारते असे नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ४२ देशांच्या एका अभ्यासात असे आढळले की, प्रगत देशांत शाळांच्या स्वायत्ततेने लाभ झाला, तर विकसनशील देशांत परिणाम उलट झाला. उलटपक्षी, कागदी उत्तरदायित्वही निष्फळ ठरते. मध्य प्रदेशात शाळांचे मूल्यमापन करून सुधारणेचे आराखडे घेण्यात आले. आराखडे तयार झाले; पण शिक्षकांची उपस्थिती व मुलांची प्रगती यांत फरक पडला नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

मग हिशेब कोणी, कोणास व कशाचा द्यावा? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावेत व निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे ठरविले आहे. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे ही समितीची कामे होत. मुख्याध्यापकाने हिशेब द्यावयाचा तो प्रथम येथे. किती खडू आणले एवढेच न सांगता, कोणते मूल वाचू लागले, कोणते मागे राहिले व त्याच्यासाठी काय योजिले, हे पालकांस समजेल अशा भाषेत सांगावे.

स्वातंत्र्यालाही मर्यादा आहेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन कायद्याने बंधनकारक आहे. तासांची मांडणी बदलता येईल. तास कमी करता येणार नाहीत, की कोणत्याही मुलास प्रवेश नाकारता येणार नाही.

अधिकाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे या वर्गांसाठी स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद १५० हून अधिक मुले असल्यासच आहे. लहान शाळेत मुख्याध्यापक स्वतः वर्ग शिकवितो. त्याच्याकडून मुलांच्या प्रगतीचा जाब घ्यावयाचा, तर अहवाल व तक्ते यांच्या मागण्यांतून त्याचा वेळही मोकळा केला पाहिजे. अधिकार न देता मागितलेला जाब अन्यायाचा असतो. जाब न घेता दिलेला अधिकार मुलांच्या हिताचा नसतो.

केंद्रातील शिक्षण परिषदेत विचारार्थ प्रश्न :

१. आपल्या शाळेत कोणते तीन निर्णय मुख्याध्यापकाकडे असावेत? का?
२. त्या प्रत्येक निर्णयाचा परिणाम पालकांस कसा दाखविता येईल?
३. मजुरीस जाणाऱ्या पालकांसाठी समितीची सभा केव्हा व कोठे भरवावी?