१० नंबरची जर्सी आणि तुमच्या दुकानाची पाटी



रे रोड स्टेशनबाहेर शूट केलेल्या आपल्या व्हिडिओनंतर एका दादाने विचारलं, "सर, दारूखान्यात लोखंडाच्या गोदामांजवळ वडापावची गाडी टाकतोय. एका फेमस वडापाववाल्याचंच नाव लावलं तर? पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक येईल ना?"

येईल. पण त्या नावाचं ओझंही येईल. ते कसं, हे आज क्रिकेटमधून शिकूया.

१० नंबर म्हणजे सचिन तेंडुलकर. सचिन शेवटची वनडे मार्च २०१२ मध्ये खेळला. त्यानंतर पाच वर्षं भारताकडून तो नंबर कुणी घातला नाही. ३१ ऑगस्ट २०१७ ला कोलंबोत आपला पालघरचा शार्दूल ठाकूर पहिली वनडे खेळायला उतरला, तर पाठीवर १०! त्याचं कारण साधं होतं. जन्मतारीख १६-१०-१९९१. सगळे आकडे मिळवले की २८, आणि २ अधिक ८ म्हणजे १०. पण लोकांनी कारण विचारलंच नाही. सोशल मीडियावर त्याला झोडपून काढलं. पदार्पणात त्याने विकेट घेतली, तरी चर्चा जर्सीचीच.

पुढे बोर्डानेही तो नंबर अनौपचारिकपणे बाजूला ठेवला. शार्दूलने ५४ घेतला. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत त्याने ६७ धावा केल्या आणि सामन्यात ७ विकेट काढल्या. तेव्हा लोक फक्त शार्दूलबद्दल बोलत होते.

आता दुसरी बाजू बघा. विराट कोहलीचा नंबर १८. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाचाही १८, कारण तिचा वाढदिवस १८ जुलै. दोघांचा नंबर एक, पण मैदान वेगळं आणि कामगिरी स्वतःची. म्हणून तिला तो नंबर जड गेला नाही.

यातून धंद्यासाठी तीन गोष्टी वहीत लिहा :

१. उसन्या नावाबरोबर उसनी अपेक्षा येते. गिऱ्हाईक पहिल्या घासाला तुलना करणार. तुमचा वडा चांगला असला तरी "त्याच्यासारखा नाही" हेच ऐकावं लागेल.

२. शार्दूलला जर्सी बदलता आली. तुम्हाला पाटी, पिशव्या, मेनूकार्ड, गूगलवरचे रिव्ह्यू सगळं बदलावं लागेल, तेही धंदा जम धरत असताना. नाव रजिस्टर असेल तर मूळ मालक कोर्टात जाऊ शकतो. रजिस्टर नसेल, पण बाजारात त्याची ओळख आहे हे त्याने सिद्ध केलं, तरीही तुम्हाला अडवू शकतो.

३. "माझा हेतू वाईट नव्हता" हे बाजारात चालत नाही. कारण तुमच्या मनात असतं, लोकांना फक्त पाटी दिसते.

मग करायचं काय? आधी ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर नाव शोधा, शोध फुकट आहे. खाद्यपदार्थांची गाडी किंवा हॉटेल असेल तर वर्ग ४३ बघा, पॅकबंद मसाले विकणार असाल तर वर्ग ३०. नाव मोकळं दिसलं तर ऑनलाइन अर्ज करा. एकट्या व्यक्तीसाठी एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरण करता येतं. मुंबईचं ऑफिस अँटॉप हिलला, बौद्धिक संपदा भवनात आहे.

आजचा होमवर्क : तीन नावं लिहा. प्रत्येकापुढे ते तुमचंच का, याचं एका ओळीत कारण लिहा. आईचं नाव, गावाचं नाव, गल्लीचं नाव, काहीही चालेल. मग तिन्ही नावं वेबसाइटवर तपासा आणि उरलेलं नाव कमेंटमध्ये टाका.

आणि दादा, तुमची पाटी रंगवायला टाकली नसेल तर थांबा. आज रात्रीच ही तीन नावं काढा.