गोठलेल्या सरोवरावर

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तेथे १०,००० हून अधिक सरोवरे आहेत. हिवाळ्यात ती गोठली, की मित्रांच्या टोळ्या गळ, आमिष व शेगडी घेऊन बर्फावर मुक्कामास जातात.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वरच राहते व गोठते. म्हणून बर्फाच्या छपराखाली मासे जिवंत राहतात. गिरमिटाने ह्या छपरास वीतभर रुंदीचे भोक पाडावयाचे, त्यातील बर्फाचा चुरा झाऱ्याने काढावयाचा, आणि आखूड काठीचा गळ सोडून स्वस्थ बसावयाचे. लहानशा झोपडीत गप्पांना ऊत येतो. मासा न लागला तरी दिवस वाया गेला, असे सहसा कोणी मानीत नाही!

परंतु बर्फावर विसंबून चालत नाही. पायी जाण्यास निदान ४ इंच जाडीचा, स्वच्छ व नवा बर्फ हवा. हिम मिसळून झालेला पांढरा बर्फ त्याहून कमकुवत असतो. जाणते लोक पुढे पहार आपटीत चालतात. २९ डिसेंबर २०२३ रोजी अपर रेड सरोवरावरील बर्फाचा प्रचंड तुकडा काठापासून सुटला, आणि शंभराहून अधिक माणसे त्यावर अडकली. बचाव-पथकांनी त्या सर्वांस काठावर आणले. आदल्याच वर्षी, २८ नोव्हेंबर २०२२ रोजी, त्याच सरोवरावर सुमारे २०० जण असेच अडकले होते. तेही सुखरूप परतले.