पंखा हुकूम का ऐकत नाही?

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, म्हणजे मलकापूर-नांदुऱ्याकडे, मे महिन्यात संगणकापुढे बसणे सोपे नाही. अशा वेळी कोणी तरी यूएसबीच्या खाचेत चिमुकला पंखा खुपसतोच. समजा, तुमच्या संगणकावर लिनक्स आहे. हा पंखा संगणकाकडूनच बंद करता येईल का?

लिनक्समध्ये प्रत्येक यूएसबी उपकरणाच्या नावे 'पॉवर' हा फोल्डर असतो आणि त्यात 'कंट्रोल' नावाची फाईल. तीत 'ऑन' असेल तर उपकरण सदा जागे राहते. 'ऑटो' लिहिले, की कॅमेऱ्यासारखे उपकरण काम नसताना झोपी जाते. (असे लिहिण्यास मुख्य वापरकर्त्याचे अधिकार लागतात, म्हणून शिक्षकांना विचारूनच करा.) यूएसबी २ ची खाच ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे अडीच वॉट देते. झोपलेल्या उपकरणाने मात्र अडीच मिलिअँपिअरवरच भागवावे, असा नियम आहे. दोनशेपट बचत झाली की!

आता पंख्याचे पाहू. यादीत त्याचे नावच सापडत नाही! असे का बरे? यूएसबी २ च्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. पंखा फक्त पहिल्या दोन वापरतो. तो मुका आणि बहिरा आहे, त्याला 'झोप' म्हणून सांगणार कोण? शिवाय झोपणे म्हणजे वीज तुटणे नव्हे. तारेवर ५ व्होल्ट असतातच, उपकरण आपण होऊन कमी घेते, इतकेच.

वीज तोडायची तर ती हबमध्ये तोडावी लागते. नळगंगेचा कालवा आठवा. प्रत्येक चारीला वेगळे दार असेल तर एकच चारी बंद करता येते. सगळ्यांना मिळून एकच दार असेल, तर एकाचे पाणी तोडताना शेजाऱ्याचेही तुटते. हबचे तसेच आहे. लिनक्सवरील 'यूहबसीटीएल' हा प्रोग्रॅम हबला 'दुसऱ्या खाचेची वीज बंद' असा हुकूम देतो. मौज अशी की पुष्कळ स्वस्त हबांत दारच नसते. हब 'बंद केली' असे बेधडक कळवतो आणि वीज वाहतच राहते!

हे खोटे पकडायला आपला मुका पंखाच कामी येतो. तो दुसऱ्या खाचेत लावा, तिसऱ्या खाचेत यूएसबीचा छोटा दिवा लावा आणि हुकूम द्या. पंखा थांबला आणि दिवा जळत राहिला, तर दारे वेगवेगळी आहेत. दोन्ही बंद पडले, तर दार एकच. पंखा फिरतच राहिला, तर काय समजायचे ते तुम्ही ओळखलेच असेल.

प्रयोगापूर्वी पेनड्राइव्ह रीतसर काढून ठेवा. आणि कीबोर्ड त्या हबवर नको. नाही तर 'पुन्हा चालू कर' हा हुकूम टंकणार कशाने?