पिकअप घेताना गाडी आवाज करते? पाना उचलण्याआधी चार चाचण्या

व्हिडिओत आवाज ऐकवले, इथे तेच क्रमाने लिहून देतो. प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीवर लावा, पोरांना उपयोगी पडेल.

आधी माझी चूक सांगतो. गॅरेज टाकलं त्या पहिल्याच वर्षी एक काका गाडी घेऊन आले. दुसऱ्या गिअरला दाबलं की खालून घर्रर्र आवाज. आमच्या मिस्त्रींनी ऐकलं आणि म्हणाले, "क्लच गेला." मी पण मान डोलावली. गिअरबॉक्स उतरवला, क्लच सेट नवीन टाकला, बिल झालं ८,५०० रुपये. संध्याकाळी काकांचा फोन, "अहो, आवाज तसाच आहे."

गाडी लिफ्टवर घेतली. सायलेन्सरच्या वरच्या हीट शील्डचा बोल्ट गंजून तुटला होता. पत्रा ठराविक आरपीएमला थरथरत होता. वॉशर आणि क्लॅम्प, साठ रुपयांचं काम. जुनी क्लच प्लेट बघितली तर निम्मीसुद्धा झिजली नव्हती. सगळे पैसे परत केले, पण काका पुन्हा आले नाहीत. बीबीएला ग्राहक टिकवण्यावर मी चांगले मार्क घेतले होते बरं का! त्यांचा विश्वास मी दहा मिनिटांच्या आळसात घालवला.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: चार चाचण्या झाल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

१. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. हळूहळू रेस द्या. आवाज इथेच आला तर तो इंजिन, बेल्ट किंवा सायलेन्सरच्या बाजूचा. चाकं, ॲक्सल सध्या बाजूला ठेवा. काकांच्या गाडीला एवढं केलं असतं तरी पुरलं असतं.

२. रिकाम्या रस्त्यावर, एकच स्पीड, दोन गिअर. समजा ४० ला तिसऱ्या गिअरमध्ये आवाज आहे, तर त्याच ४० ला चौथा टाका. आवाजाचा सूर बदलला तर तो इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चालतोय. तसाच राहिला तर चाकाबरोबर, म्हणजे बेअरिंग किंवा टायर.

३. दाबा आणि सोडा. एक्सलरेटर सोडताच आवाज बंद झाला तर तो लोडचा आवाज आहे. माउंटिंग, आतला सीव्ही जॉइंट, एक्झॉस्ट लीक, नॉकिंग हे इथे सापडतात.

४. वळणावर. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा घूंऽऽ वाढली तर डाव्या बेअरिंगवर संशय घ्या. डावीकडे वळताना वाढली तर उजव्या.

आता आवाजावरून कारण आणि उपाय:

चीं चीं, रेस देताच, एसी लावल्यावर जास्त: बेल्ट सैल किंवा चकाकी आलेला. टेन्शन आणि पुली बघा. बेल्टला ग्रीस, मेण लावायचं नाही.

फट फट किंवा चुक चुक, थंड इंजिनला जास्त: एक्झॉस्टचं गॅस्केट किंवा पाइप लीक. काळे डाग शोधा. हे काम उद्यावर ढकलू नका, धूर केबिनमध्ये आला तर जिवावर बेततं.

धप्प, दाबताना-सोडताना एकच ठोका: इंजिन माउंटिंग. बॉनेट उघडून इंजिन किती उडतं ते बघा.

कट कट कट, स्टिअरिंग पूर्ण वळवून पिकअप घेताना: बाहेरचा सीव्ही जॉइंट. सरळ जाताना पिकअपला गाडी थरथरली तर आतला. रबरी बूट फाटून रिमच्या आतून ग्रीस उडालेलं दिसेल. आवाज यायच्या आत सापडलं तर बूट आणि ग्रीसवर भागतं, नंतर जॉइंट बदलावा लागतो.

किट किट, चढावर वरच्या गिअरमध्ये: नॉकिंग. आधी खालचा गिअर टाकून बघा. मग पेट्रोल, प्लग, कार्बन. दुर्लक्ष केलं तर पिस्टनला मार बसतो.

सूंऽऽ अशी शिट्टी, टर्बो डिझेलला, सोबत पिकअप कमी आणि काळा धूर: टर्बोचा होज फाटलाय किंवा क्लॅम्प सुटलाय.

बेअरिंग ठरवण्याआधी एक काम करा. टायरवरून हात फिरवा. खवल्यासारखा झिजलेला टायरही बेअरिंगसारखाच घुमतो. टायर पुढे-मागे बदला. आवाजाची जागा हलली तर बेअरिंग निर्दोष आहे.

आता धंद्याचं. टेस्ट ड्राइव्हला ग्राहकाला शेजारी बसवा. "हाच आवाज ना?" हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या. जॉब कार्डवर लिहा: कोणता आवाज, कोणत्या गिअरला, किती स्पीडला, गाडी थंड की गरम. काम झाल्यावर त्याच रस्त्याने, त्याच स्पीडला पुन्हा फिरवा, मगच बिल द्या.

तपासणीचे वेगळे पैसे घ्यायला लाजू नका. आम्ही आधीच सांगतो, काम इथे केलं तर ते बिलातून वजा. फुकट तपासणी केली की मिस्त्री घाई करतो, आणि त्या घाईची किंमत ग्राहक भरतो.

या आठवड्याचा गृहपाठ: पुढच्या तीन आवाजाच्या गाड्यांना चारही चाचण्या करा. पहिला अंदाज आणि खरं कारण दोन्ही जॉब कार्डवर लिहा. दोन्ही किती वेळा जुळतात, ते स्वतःच बघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर आधी कान, मग पाना!