येमेनचा प्रवास आणि परतीचा प्रश्न

परदेशप्रवासाच्या संदर्भात ‘अतिधोक्याचा देश’ ही संज्ञा, जेथे युद्ध, अपहरणे किंवा दहशतवादी हल्ले चालू आहेत आणि जेथे अडकलेल्या नागरिकाला त्याचे सरकार वेळेवर मदत करू शकेल याची खात्री नाही, अशा देशासाठी वापरली जाते. या व्याख्येचा पहिला भाग सर्वांच्या लक्षात राहतो, दुसरा मात्र बहुधा विसरला जातो. आणि येमेनमध्ये गेलेल्या भारतीयांचे 2015 पासूनचे अनुभव तपासले असता असे आढळते की, त्यांच्यातील अनेकांच्या वाट्याला आलेले भोग या दुसऱ्या भागाशीच निगडित होते. देशात शिरणे त्यांना जमले होते. बाहेर पडण्याचा निर्णय मात्र मालकाच्या, सशस्त्र गटाच्या किंवा न्यायालयाच्या हाती गेला.

सप्टेंबर 2014 मध्ये उत्तरेकडून पुढे सरकलेल्या हूथी गटाने राजधानी सना ताब्यात घेतली आणि 26 मार्च 2015 रोजी सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. भारत सरकारने जानेवारीपासूनच आपल्या नागरिकांना देश सोडण्याच्या सूचना दिल्या होत्या; तरीही हल्ले सुरू झाले तेव्हा हजारो भारतीय, त्यांत केरळच्या परिचारिका मोठ्या संख्येने, तेथेच होते. त्यांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे ठरेल. थकलेले पगार, नोकरीसाठी गावी काढलेले कर्ज आणि मालकाच्या संमतीवाचून न मिळणारा देश सोडण्याचा परवाना, ज्याला एक्झिट व्हिसा म्हणतात, अशा बंधनांत अडकलेल्या माणसाला केवळ सूचना वाचून निघता येत नाही. त्या वेळी ‘ऑपरेशन राहत’ या मोहिमेत एअर इंडियाच्या विमानांनी सनातून, तर नौदलाच्या ‘सुमित्रा’, ‘मुंबई’ आणि ‘तर्कश’ या युद्धनौकांनी एडन व होदेदासारख्या बंदरांतून लोकांना समुद्रापलीकडील जिबूतीला नेले आणि तेथून हवाई दलाच्या विमानांनी त्यांना मुंबई व कोचीला पोहोचवले. 4,600 हून अधिक भारतीय आणि 41 देशांचे 900 हून अधिक नागरिक अशा रीतीने वाचले. या मोहिमेचा गौरव सर्वस्वी योग्य आहे, परंतु वेळ आली तर सरकार घेऊन जाईलच, असा जो निष्कर्ष तिच्यावरून काढला जातो तो घातक आहे, कारण मोहीम आटोपताच सनातील भारतीय दूतावासही बंद झाला आणि त्याचे काम देशाबाहेरून चालवावे लागले.

पुढे मार्च 2016 मध्ये एडनमधील मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या वृद्धाश्रमावर हल्ला होऊन 16 जण मारले गेले आणि तेथील एका भारतीय धर्मगुरूचे अपहरण झाले. त्यांची सुटका ओमानच्या मदतीने सप्टेंबर 2017 मध्ये, म्हणजे दीड वर्षाने होऊ शकली. त्याच महिन्यात भारत सरकारने अधिसूचना काढून भारतीयांच्या येमेन प्रवासावर बंदी घातली. सल्ला आणि बंदी यांतील फरक येथे नीट ध्यानात घ्यायला हवा. सल्ला न मानणारा स्वतःच्या जोखमीवर जातो, पण बंदी मोडणाऱ्याचा पासपोर्ट 7 वर्षांसाठी जप्त होऊ शकतो, आणि नंतर आखातात किंवा अन्यत्र नोकरी करण्याची त्याची वाटही त्यामुळे बंद होते. अत्यावश्यक कारणासाठी विशिष्ट मुदतीची सवलत मागता येते. येमेनमध्ये मृत्युदंड ठोठावलेल्या एका केरळी परिचारिकेच्या आईला अशी वाट दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितल्यानंतर मोकळी झाली. येमेनचा व्हिसा वेगळ्या कागदावर मिळतो, पासपोर्टवर शिक्का उमटत नाही, असे सांगणारा एजंट प्रवाशाला केवळ बेकायदा मार्ग दाखवत नाही, तर त्याच्या प्रवासाची स्वदेशात नोंदच राहणार नाही अशी व्यवस्था करतो. आणि ज्याची नोंद नाही त्याचा शोध घ्यायचा कोठून, हा प्रश्न मागे राहिलेल्या घरच्यांपुढे उभा राहतो.

प्रवेशाचा प्रश्न आणखी एका कारणाने गुंतागुंतीचा आहे. आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या सरकारचे मुख्य ठाणे एडन येथे आहे, तर सना व होदेदा हूथींकडे आहेत. त्यामुळे एका बाजूने दिलेली परवानगी दुसरी बाजू मानेल असे नाही, आणि दोन भागांमधील तपासणीनाक्यावर चुकीचा कागद दाखवणे संशयाला आमंत्रण देणारे ठरते. चलनाचीही हीच अवस्था आहे: एडनच्या मध्यवर्ती बँकेने काढलेल्या नव्या नोटांवर हूथींनी आपल्या भागात बंदी घातल्यामुळे एकाच रियालचा भाव दोन ठिकाणी वेगळा झाला. सोकोत्रा हे बेट मुख्य भूमीपासून दूर व तुलनेने शांत असून तेथील छत्रीसारखे ड्रॅगन वृक्ष पाहण्यासाठी पर्यटक जातात, परंतु कायद्याच्या दृष्टीने ते येमेनच आहे आणि बंदी त्यालाही लागू होते.

नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या बाबतीत मूळ धोका ‘कफाला’ या पद्धतीत आहे. कफाला म्हणजे परदेशी कामगाराचे वास्तव्य एखाद्या स्थानिक व्यक्तीच्या हमीवर अवलंबून ठेवणारी व्यवस्था. हमीदाराशी बिनसले की कामगाराची नोकरी, निवास आणि परतीचा हक्क ही तिन्ही एकाच वेळी डळमळीत होतात, आणि पासपोर्टही त्याच्याच ताब्यात असला तर तक्रार करायलाही वाव उरत नाही. भारताच्या ज्या यादीतील देशांत कामासाठी जाताना कमी शिकलेल्या नागरिकांना उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते, त्या यादीत येमेन आहे. ही मंजुरी म्हणजे कराराची सरकारदरबारी झालेली नोंद होय. तिला फाटा देण्यासाठी पर्यटक व्हिसावर आधी एखाद्या शेजारी देशात नेऊन पुढे पाठवण्याची युक्ती सुचवणाऱ्याशी व्यवहार तेथेच थांबवावा.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत निकटचा प्रश्न खलाशांचा आहे, कारण ते येमेनला जाण्याचे ठरवत नाहीत. येमेन त्यांच्या वाटेत येतो. फेब्रुवारी 2020 मध्ये ओमानहून सौदी अरेबियाकडे निघालेल्या लहान नौकांपैकी एक वादळात बुडाली आणि उरलेल्यांनी किनारा गाठला तेव्हा हूथींनी 14 भारतीय खलाशांना पकडले. त्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते आणि त्यांची सुटका नऊ महिन्यांहून अधिक काळाने, नोव्हेंबरच्या अखेरीस झाली. जानेवारी 2022 मध्ये होदेदाजवळ पकडलेल्या ‘रवाबी’ या जहाजावर 7 भारतीय होते, आणि ते एप्रिलमध्ये सुटले. या दोन प्रसंगांतून निघणारा कायद्याचा मुद्दा प्रत्येक खलाशाने व त्याच्या कुटुंबाने समजून घेण्याजोगा आहे. सागरी कामगारांच्या हक्कांचा 2006 चा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला एमएलसी म्हणतात, त्यात नंतर झालेल्या दुरुस्तीनुसार चाचेगिरी किंवा सशस्त्र लुटीमुळे खलाशी बंदिवासात असेल तर त्याचा नोकरीचा करार व वेतन चालू राहते. मात्र ही तरतूद चाच्यांविषयी आहे. एखाद्या प्रदेशावर सत्ता चालवणाऱ्या गटाने ‘आमच्या हद्दीत आला’ म्हणून पकडले, तर मालकाला वाद घालायला जागा उरते. शिवाय पारंपरिक बांधणीची गलबते या कराराच्या कक्षेतच येत नाहीत. म्हणून जहाजाचा प्रकार, ध्वज, विमा आणि भरती करणाऱ्या संस्थेचा नौवहन महासंचालनालयाचा परवाना यांची खातरजमा सही करण्यापूर्वीच करावी, आणि तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात जाण्यास नकार देऊन कंपनीच्या खर्चाने परतण्याचा हक्क करारात लिहिलेला आहे की नाही, हे स्वतः वाचून पाहावे.

मुंबईचे एडनशी नाते जुने आहे. 1839 पासून 1932 पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत होता आणि वासुदेव बळवंत फडके यांचा अंतही तेथील तुरुंगात 1883 मध्ये झाला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंची गादी सोळाव्या शतकात येमेनमधून गुजरातेत आली, आणि हराज पर्वतातील हुतैब येथील दर्ग्याबद्दल त्या समाजाला वाटणारी ओढ पूर्णपणे समजण्यासारखी आहे. पण हराज हूथींच्या अमलाखालील प्रदेशात येतो. भाविकांच्या गटाला तेथील स्थानिक लोक कितीही आदराने वागवत असले, तरी विमानतळ आणि रस्ते त्या लोकांच्या हाती नाहीत. मे 2025 मध्ये इस्रायलच्या हल्ल्यात सनाचा विमानतळच निकामी झाला होता.

ज्यांना सरकारी परवानगीने, वैद्यकीय किंवा मदतकार्यासाठी जावेच लागते, त्यांनी आपल्या संस्थेकडून सुटकेची योजना लेखी मागावी: जमिनीवरचा पर्यायी मार्ग कोणता, वाटाघाटी कोण करील, खर्च कोण उचलील. संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांनाही हूथींनी 2024 पासून मोठ्या संख्येने स्थानबद्ध केले आहे. तेव्हा संस्थेचे नाव मोठे असणे म्हणजे संरक्षण नव्हे. साधा प्रवासविमा युद्धजन्य हानी बहुधा वगळतो, म्हणून पॉलिसीतील अपवादांचे कलम आधी वाचावे. कुटुंबाकडे पासपोर्टची प्रत, कराराची प्रत, मालकाचा पत्ता आणि रोज संपर्क साधण्याची ठरलेली वेळ असावी; ती वेळ चुकली तर किती तासांनी परराष्ट्र मंत्रालयाला कळवायचे, हेही आधी ठरवावे. माणूस बंदिवासात असताना त्याचे बँक खाते, घरकर्जाचा हप्ता आणि मुलांची फी हे कोणासाठी थांबत नाहीत. त्यामुळे निघण्यापूर्वी पत्नीच्या किंवा आईवडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवावे आणि खात्यावर दुसरी सही नोंदवून घ्यावी.