महजर वाचताना

पोरी, वतनाच्या भांडणाचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, हाती आला की आधी निकाल शोधावासा वाटतो. तो मोह आवर. माझी हयात मोडी कागदांत गेली. त्यातलं चार गोष्टींचं गाठोडं तुला देते.

पहिले काही दिवस वाचू नकोस, नक्कल कर. मोडीत रेघ आधी ओढतात, मग अक्षरं तिला लटकत जातात. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वळण हाताखालून गेलं की शब्द आपोआप सुटे दिसू लागतात. एखादं अक्षर अडलं, तर त्याच कारकुनानं ते ‘मौजे’, ‘बिन’, ‘पाटील’ अशा ओळखीच्या शब्दांत कसं काढलंय ते पाहा.

साल शुहूर असेल, म्हणजे अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं, तर एककापासून मोज. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर, हजार : ११७२. हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळव, जानेवारीपासून पुढच्याला ६००.

मग ‘हाजीर मजालस’ वाच. निवाड्याला बसलेले देशमुख, पाटील, बलुतेदार तिथे भेटतात. ज्याला सही येत नाही त्याची निशाणी असते, पाटलाचा नांगर असतो. नकलेत त्या निशाण्याही काढ.

खरी कसोटी करीन्यात, म्हणजे पक्षकाराच्या कैफियतीत. वादी वाडवडिलांपासूनची हकीकत इतक्या बारकाव्यानं सांगतो की ती घडलीच असं वाटतं. मीही एकदा ती गावाचा इतिहास म्हणून टिपून ठेवली. शेवटी येजितखत, म्हणजे हरल्याची कबुली, त्याच वादीचं निघालं! तेव्हापासून नकलेच्या समासात प्रत्येक मजकुराशी लिहिते : अग्रवादी (फिर्यादी), पश्चिमवादी (प्रतिवादी), साक्षीदार की गोत (निवाड्याला बसलेली सभा). मूळ कागदाला मात्र पेन्सिलही लावायची नाही.

पैशांच्या आकड्यावरूनही दोषी ठरवू नकोस. हरणारा गुन्हेगारी भरतो, तशी जिंकणाराही सरकारात हरकी भरतो.

आणि निवाडा झाला म्हणून हरलेल्याचं म्हणणं टाकून देऊ नकोस. शिवेवरचा ओढा, दुष्काळात परागंदा झालेलं घर, भावाभावांची वाटणी असं कितीतरी त्याच्याच तोंडून कळतं. कोण बोलतंय तेवढं लक्षात ठेव, आणि दोघांचंही पुरतं ऐक.