बोटात गळ रुतला तर?

फाल्गुन-चैत्रात ऊन तापू लागले की आपल्या पैठण भागात गोदाकाठी गळ टाकून बसलेली माणसे दिसतात. गळाच्या टोकाशी उलटा काटा असतो. माशाला सुटू न देणारा हा काटा आपल्या बोटालाही सोडत नाही. म्हणून रुतलेला गळ हिसका देऊन ओढू नये. मांस फाटते, आतली नसही दुखावते.

आधी दोरी कापावी. जखमेभोवतीचा भाग साबण-पाण्याने धुवावा. गळ हलणार नाही असे कापड बांधून दवाखाना गाठावा. तेथे भूल देऊन तो काढता येतो. जखमेवर हळद, चुना, तंबाखू लावू नये. डोळ्यात गळ लागला तर त्याला मुळीच हात लावू नये. दाब न देता डोळा वाटीने झाकून तातडीने नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

गळ निघाला, कळ थांबली, की माणूस निर्धास्त होतो. धनुर्वात मात्र साधारण ३ ते २१ दिवसांनी उद्भवतो. शेवटची धनुर्वाताची लस घेऊन ५ वर्षे झाली असतील किंवा ती आठवत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना तसे सांगावे. बोट सुजले, लाली वर चढली किंवा ताप आला तर घरी थांबू नये. मधुमेहींनी विशेष जपावे.